वडिलांवर गेलेली जीभ

आदल्या दिवशी काही झालं नाही. आईने काकडी कापली, इतकंच. सुट्टी होती. मी ओट्याला टेकून वर्तमानपत्र वाचत उभी होते, म्हणजे बरोबर तिच्या वाटेत, आणि ती जाता-येता मला कोपराने बाजूला सारत होती. "एवढं घर मोकळं पडलंय, पण हिला उभं राहायचं ते माझ्याच पायात," ती म्हणाली. मी पान उलटलं. तिने देठाकडचा तुकडा कापून टाकला, एक चकती तोंडात टाकली, चावली, आणि चावता चावता थांबली. समोरच्या गच्चीत कुणीतरी चादर झटकत होतं, तिकडे बघत राहिली. मग सुरीच्या टोकावर दुसरी चकती घेऊन माझ्यापुढे धरली. "बघ गं, ही कडू आहे का?"

मी खाल्ली. कडू होती. वेलाला ऊन जास्त झालं किंवा पाणी कमी पडलं की तो स्वतःच्या बचावासाठी कुकुर्बिटॅसिन नावाचं द्रव्य जास्त करतो. एरवी ते पानांत, देठात राहतं, कधीमधी फळात उतरतं. या काकडीत ते उतरलं होतं. घशाच्या तोंडाशी, जिभेच्या मागच्या कडेला, बारीक तारेसारखं. "नाही," मी म्हणाले, "चांगली आहे." "बरं," ती म्हणाली आणि उरलेली काकडी कापून ताटलीत मांडली. आम्ही दोघींनी ती खाल्ली. तिने जास्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कामावर असताना, उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालता घालता ती पलंगावर आडवी झाली ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. काकडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. लाज वाटली तरी मी तेही पुस्तकं काढून तपासलं.

मला चैन पडत नाही ते तिने विचारलं म्हणून. आई चवीबद्दल कुणाला काही विचारत नसे. लोक तिला विचारत. वनस्पतींचे औषधी अर्क काढणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही कडूपणाची चाचणी असली की तिला बोलावणं यायचं. मुळ्या, साली, पाला पोत्यांतून येतात, दळले जातात, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजत पडतात, आणि त्यांच्यातलं जे गुणाचं असतं ते हळूहळू द्रवात उतरतं; मागे राहतो तो चोथा. उतरलेल्यात काय आहे ते यंत्र सांगतं. पण कडू अर्कांचं असं आहे की कडूपणा हाच त्यांचा गुण. जिभेला कडू लागलं की लाळ सुटते, पोटाला जाग येते. आणि किती कडू हे अजून माणसाची जीभच सांगते. अर्कात पाणी घालत घालत तो इतका पातळ करायचा की कडूपणा लागतो न लागतो अशा काठावर यावा. जितकं जास्त पाणी सोसेल तितका अर्क कडू. ते पाणी तोंडात घ्यायचं, फिरवायचं, थुंकायचं, थांबायचं. गिळायचं नाही. आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक चाखणाऱ्याला कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या पाण्याच्या, नळ्या द्यायच्या, अगदी फिक्या नळीपासून चढत चढत, कारण एकाची जीभ दुसऱ्यासारखी नसते. ज्याला कोयनेल कुठल्या नळीत कळतं त्याप्रमाणे त्याचा बाकीचा शब्द धरायचा. "आधी माणूस मोजायचा, मग औषध," आई म्हणायची. तिला कोयनेल चौथ्या नळीत कळायचं. तिथे बाकीच्यांना पाणी लागतं, नुसतं पाणी. प्रयोगशाळेत तिचं नाव कडूबाई होतं, आणि ते तिला आवडायचं. फोनवर स्वतःच सांगायची, "हां, कडूबाईच बोलतेय."

मी त्याच प्रयोगशाळेत यंत्रावर आहे. एका लांब नळीतून अर्क ढकलायचा. त्यातली द्रव्यं आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेक टेकाड उभं राहतं. प्रत्येक वनस्पतीतलं एक द्रव्य आम्ही खुणेचं म्हणून धरलेलं असतं. ते आपल्या जागी, पुरेसं उंच दिसलं की वनस्पती खरी, अर्क पास. गंमत अशी की खुणेचं द्रव्य हेच गुणाचं द्रव्य असेल असं नाही. पुष्कळदा नसतंच. ते फक्त मोजायला सोपं असतं, म्हणून निवडलेलं. मी हे नव्या मुलांना शिकवते, आणि शिकवताना हल्ली मधेच थांबते. आईने माझ्यातलं असंच काहीतरी खुणेचं म्हणून धरलं होतं, आणि ते मीच तिच्या हातात दिलं होतं.

मी तिसरीत किंवा चौथीत असेन. मला सारखा ताप यायचा, आणि आई काडेचिराइताचा काढा करायची. काडेचिराइतात जे द्रव्य आहे त्याहून कडू असं निसर्गात फारसं काही माणसाला सापडलेलं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की पेला समोर आला की अंगावर काटा यायचा, आणि तो संपल्यावरही संध्याकाळपर्यंत जीभ स्वतःची वाटायची नाही. मी नाक मुरडायचे, रडायचे, आई माझं नाक धरून पाजायची, आणि बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "अगं, पोरीला मध तरी घाल." बाबांचं बोलणं फार गोड होतं. त्या मोसमात ते दुसऱ्या गावी काम बघायला गेले आणि तिकडेच राहिले. तिकडे कोण होतं हे मावशीला माहीत होतं, आईला माहीत होतं, जिन्यातल्या बायकांना माहीत होतं. आई कधी रडलेली मी पाहिली नाही. ती कामावर जायची, कडू थुंकायची, घरी यायची. पुढे कितीतरी वर्षांनी एकदाच, मावशीने विषय काढला तेव्हा, म्हणाली, "तो माणूस म्हणजे ज्येष्ठमध. गोडी उशिरा कळते, आणि कळली की तोंडातून जात नाही. पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो." मावशी हसून हसून वाकली. आईही हसली.

बाबा परत येणार नाहीत हे कळल्यानंतरच्या एका सकाळी मला पुन्हा ताप होता. आई पेला घेऊन आली. तिने केस विंचरले नव्हते. खांदे असे पडले होते की ब्लाउज एखाद्या दुसऱ्या बाईचा वाटत होता. ती माझ्या अंथरुणाच्या कडेला बसली आणि माझं नाक धरायला हात वर करायचा म्हणून केला, पण तो अर्ध्यावर राहिला. तो अर्ध्यावर राहिलेला हात मी पाहिला. मग मी पेला स्वतः घेतला आणि तोंड जराही वाकडं न करता संपवला. रिकामा पेला तिला दिला. तिने माझ्याकडे पाहिलं. "कसा होता?" "ठीक होता." "कडू नाही लागला?" "नाही." मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिने पेल्याच्या तळाला उरलेला थेंब बोटावर घेऊन चाटला, तोंड फिरवून खिडकीबाहेर थुंकली, थोडी थांबली, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. प्रयोगशाळेत एखादी नळी अपेक्षेपेक्षा वेगळा रंग दाखवू लागली की तिथली माणसं तिच्याकडे जशी बघतात, तसं. तिने कित्येक दिवसांत कशाकडेही तसं बघितलं नव्हतं. मला तेव्हा शब्द नव्हते, पण ती जागी झाली एवढं कळलं, आणि तिला जागं ठेवायचं असेल तर आता मागे फिरता येणार नाही हेही.

दुसऱ्या दिवशी तिने कामावरून कागदाच्या पट्ट्या आणल्या. एका रसायनात बुडवून वाळवलेल्या, दिसायला साध्या. काही माणसांना ती पट्टी जिभेवर ठेवली की कडूजहर लागते, काहींना नुसता कागद. हे रक्तातून येतं, आईबापांकडून. आईने एक पट्टी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि असं तोंड केलं की मला हसू आलं. मग एक माझ्या जिभेवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तापाचं सोंग करून डोळे मिटले. "काय लागतं?" "कागद लागतो." "नीट बघ." "कागदच लागतो." तिने माझ्या जिभेवरची पट्टी काढून घेतली. मग हसली, मोठ्याने, आणि माझ्या गालावर हलकी चापट मारून म्हणाली, "म्हणजे वडिलांवर गेलीस."

मला वाटतं तिला त्यातून आधारच मिळाला असावा. निघून गेलेल्या माणसाचं निदान एक काहीतरी घरात उरलं, आणि ते निरुपद्रवी होतं, थट्टा करण्यासारखं होतं. माझ्या बोथट जिभेची गोष्ट घरात रुजली. भाजीत मीठ कमी पडलं तर आई म्हणायची, "हिला कशाला विचारता, हिला कागद लागत असेल." मावशी म्हणायची, "आडात एवढं आहे, मग पोहऱ्यात कसं नाही गं आलं?" आई म्हणायची, "आड दोन असतात, ताई." मी नोकरीला लागले तेव्हा चाखणाऱ्यांत माझं नाव घालायचा प्रश्नच आला नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी यंत्रावर बसले आणि तिथे चांगली निघाले. माणूस यंत्रावर बसला की त्याला तोंड वाकडं करावं लागत नाही. आणि "वडिलांवर गेलीस" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्याची धार गेली असेल असं तिला वाटत असावं. मलाही वाटत होतं.

म्हणून काकडी. ती गेल्यापासून मी हे यंत्रात घातल्यासारखं पुन्हा पुन्हा चालवून बघते. तिला ती चकती कडू लागली असेल, तर मला का विचारलं? तिच्या लेखी मला कडू कळत नाही. आंधळ्याला कुणी रंग विचारत नाही. बरं, कडू लागली नसेल, तर कडूचं नाव निघालंच कुठून? की तिला काहीच लागलं नाही, कडू नाही आणि काकडीही नाही; वयाने म्हणा, हृदयाने आतून खबर दिली म्हणून म्हणा, तिची जीभ त्या क्षणी गेली, आणि घाबरून तिने जे माणूस हाताशी होतं त्याला विचारलं? मग माझ्या "नाही" वर विसंबून तिने ती सगळी कडू काकडी खाल्ली. यातलं काही धड बसत नाही. एकच बसतं, आणि तिथे माझं मन जाऊन माघारी येतं: तिला माहीत होतं. कधीपासून ते सांगता येणार नाही. जी बाई नळीतल्या पाण्यातलं कडू ओळखते, तिला समोर बसलेल्या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी ओळखता आलं नसेल? आणि असेल, तर सुरीच्या टोकावर तिने जी पुढे धरली ती काकडी नव्हती. ती मागे फिरायची वाट होती. मी "चांगली आहे" म्हणाले आणि ती "बरं" म्हणाली. त्या "बरं" मध्ये काय होतं? मी ते ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणून बघते. बरं. बरं. एकदा मावशीने ऐकलं. "कुणाशी बोलतेस गं?" "कुणाशी नाही."

मावशी माझ्याकडे राहायला आली आहे. ती रडते, झोपते, उठून आईच्या वस्तूंना नावं ठेवते, आणि मला खायला घालते. "चार घास खा. तुझ्या आईच्या हातचं नाही, पण विषही नाही." मी खाते. तोंडाला चव नाही, असं अशा दिवसांत सगळेच म्हणतात; मीही आधी तेच समजले. पण एका सकाळी चहा घेतला, त्यात मावशी साखर घालायला विसरली होती, आणि मला ते कळलं नाही. तिनेच पहिल्या घोटाला तोंड केलं. "अगं, हा फिका! आणि तू अर्धा कप प्यायलीस?" मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "खरंच बापावर गेलीस हो." मी बेसिनकडे गेले, साबणाच्या वडीला जीभ लावून पाहिली. साबण गुळगुळीत होता, थंड होता. बाकी काही नव्हतं. मी तिथे नळ सोडून उभी राहिले. मला हसू यायला हवं होतं. एवढी वर्षं जे खोटं सांभाळलं ते आता खरं झालं होतं, आणि विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

विभागप्रमुखांनी बोलावलं ते त्याच आठवड्यात. ते सौम्य माणूस आहेत. वाईट काही सांगायचं असलं की आधी खिडकी उघडतात. त्यांनी खिडकी उघडली. "कडू अर्काची मोठी खेप अडकली आहे. चाखायला किमान सहा जण लागतात, नियम आहे. बाईंच्या जागी अजून कुणी..." ते थांबले. "तुम्ही बसाल? म्हणजे, तुमच्या जिभेचं मला माहीत आहे, पण कोयनेलवर तुम्हाला जसं कळेल तसा तुमचा हिशेब लावता येईल. शेवटच्या नळीत कळलं तरी चालेल. फक्त कळायला हवं." "नाही कळलं तर?" "तर बाहेरून माणूस शोधावा लागेल. मग बाईंची खुर्ची..." पुन्हा थांबले. "मग ती त्याला द्यावी लागेल." मी हो म्हणाले. मला अजून कळत नाही मी का हो म्हणाले. कुणी परका तिथे बसेल हे सहन झालं नाही, की सगळ्यांसमोर एकदाचा निकाल लागावा असं वाटलं.

चाखण्याची खोली मला बाहेरून माहीत होती. पांढऱ्या भिंती, लाकडी आडोशांनी केलेले कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, थुंकायला बेसिन, चूळ भरायला पाणी. आईच्या खुर्चीवर तिची चपटी उशी तशीच होती, मधे खड्डा पडलेली. मी बसले तर खड्डा मला रुंद झाला. चाचणी घेणाऱ्या बाईंना सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण त्यांच्या गळ्यात सतत घड्याळ असतं आणि त्या वाक्यंही त्याच्याच तालात बोलतात. आईने त्यांना हाताखाली तयार केलं होतं. मी फ्रॉक घालून इथे यायचे तेव्हापासून त्या मला ओळखतात. त्या आडोशावरून वाकल्या. "आईचा नियम ठाऊक आहे ना? उगीच हो म्हणायचं नाही आणि उगीच नाही म्हणायचं नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

पहिली नळी. "घ्या. फिरवा." घड्याळ टिकटिकत होतं. "थुंका. थांबा." थांबायचं कशाला हे नव्या माणसाला कळत नाही. कडू मागून येतं, आई सांगायची. थुंकलं म्हणजे संपलं असं नाही. "बोला." पलीकडच्या कप्प्यांतून एकेक आवाज आला: नाही. नाही. नाही. मीही नाही म्हणाले. ते खरं होतं. चूळ भरली. दोन नळ्यांच्या मधे बराच वेळ बसून राहायचं असतं, जीभ धुऊन निघेपर्यंत, आणि त्या वेळात बोलायचं नसतं. मी समोरच्या लाकडावरची गाठ बघत बसले. आई किती वर्षं या गाठीकडे बघत बसली असेल. तिने इथे काय काय थुंकलं असेल, आणि काय थुंकता आलं नसेल. दुसरी नळी: नाही. तिसरी: नाही. चौथी आली. ही तिची नळी. मी पाणी तोंडात घेतलं, फिरवलं, जिभेच्या मागच्या कडेशी नेलं, डोळे मिटले. पाणी होतं. नळाचं, काचेचा किंचित वास असलेलं, दुसरं काही नसलेलं पाणी. थुंकले, थांबले. पाणीच. "बोला." "नाही," मी म्हणाले, आणि मला तो शब्द स्वयंपाकघरातल्यासारखा ऐकू आला. नाही, चांगली आहे. घड्याळबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मुद्दाम पाहिलं नसावं.

मग बसून राहणं. मी वडिलांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि दारातली त्यांची आकृती तेवढी आठवली, मध घाल म्हणणारी. वाईट माणूस नव्हता. पण मी त्याची नाही, हे मला त्या खुर्चीत एखाद्या दुखण्यासारखं स्पष्ट कळत होतं, आणि सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हतं. पाचवी नळी. घ्या. फिरवा. पाणी. घड्याळ. थुंका. मी थुंकले. बेसिनमध्ये पाण्याची रेघ ओघळत गेली. थांबा. मी गाठीकडे बघत थांबले, आशा सोडून, नुसती थांबायचं म्हणून. आणि मग घशाच्या तोंडाशी, अगदी मागे, एक बारीक तार ताणली गेली. आधी वाटलं रडू येतंय. ते तसंच सुरू होतं, त्याच जागी. पण तार रुंद होत पुढे आली, जिभेच्या कडांवर पसरली, कोरडी, स्वच्छ, हट्टी. पेल्याच्या तळासारखी. पट्टीसारखी. काकडीसारखी. माझं तोंड वाकडं झालं, आणि मी ते होऊ दिलं.

"बोला," घड्याळबाई म्हणाल्या. पलीकडून: नाही. नाही. नाही. माझ्याआधीचे सगळे नाही म्हणाले. मग खोली माझ्यासाठी थांबली.

"कडू," मी म्हणाले.

घड्याळबाई आडोशावरून वाकल्या. "पाचवीत? नक्की? बघ हं. इथे सहसा कुणाला..."

"कडू आहे, बाई. पहिल्यापासून कडू लागतं मला. काढाही लागायचा, तो कागदही." मला थांबायचं नव्हतं, आणि मी बोलले ते त्यांच्याकडे बघून नाही, समोरच्या लाकडातल्या गाठीकडे बघून. "आई, काकडी कडू होती. मी तुझ्यावर गेलेय."